लोकरीचे मोल आणि कातणारीचा दिवस
(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



बालाघाटाच्या डोंगररांगांत धनगरांची मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या चरत आली आहेत. ही दख्खनी मेंढी कमी पावसाच्या मुलखात तग धरणारी आणि बहुधा काळी. तिची कातरणी वर्षातून दोनदा होते आणि वर्षाकाठी जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर हाती येते. लोकर कातायची बायकांनी. सुताला चिंचोक्याची खळ देऊन खड्डामागावर घोंगडी विणायची सनगरांनी. घोंगडीला बाजारात किंमत होती, परंतु त्या किमतीत कातणारीचे तास कधी कोणी मोजले नाहीत.

आज ही साखळीच तुटली आहे. पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आणि कृत्रिम धाग्याच्या चादरी आल्या. मेंढी मांसासाठीच पाळणे परवडू लागले. लोकरीच्या भावातून कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी ती फेकून दिली जाते. दुसरीकडे आपला देश ऑस्ट्रेलियातून तलम मेरिनो लोकर आणतो. २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आलेल्या व्यापारकराराने तिच्यावरील आयातशुल्कही गेले.

अशा वेळी शहरांत आणि परदेशांत हाताने कातलेल्या, हाताने रंगवलेल्या लोकरीला नवे गिऱ्हाईक मिळत आहे. सुयांवर विणकाम करणारी ही मंडळी गिरणीच्या धाग्यापेक्षा चढा भाव देतात. ही संधी खरी आहे, पण तिच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. दख्खनी लोकर जाडीभरडी असते, अंगाला टोचते. तान्ह्या बाळाचे टोपडे तिचे होणार नाही. पिशवी, आसन, वरून घालायचे जाकीट होईल. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जिला जावळ म्हणतात, ती मात्र मऊ असते. नीळ किंवा डाळिंबाची साल यांचा रंग पांढऱ्या आणि करड्या लोकरीवरच खुलतो. काळीचा काळेपणा हाच तिचा रंग. म्हणून कातरतानाच जावळ, पांढरी, करडी, काळी अशी निवड झाली पाहिजे. सारी एकाच पोत्यात कोंबली की भाव गेला.

पण मुख्य प्रश्न मजुरीचा आहे. कातकाम घरबसल्या होते, म्हणून ते फावल्या वेळाचे ठरते. आणि फावल्या वेळाला दर नसतो, असे व्यापारी गृहीत धरतो. १९३५ साली हाच प्रश्न अखिल भारत चरखा संघापुढे आला होता. आठ तासांच्या कातण्याला आठ आणे मिळावेत, असा गांधीजींचा आग्रह होता. संघाला तीन आण्यांपासून प्रारंभ करावा लागला. रक्कम अपुरी होती, पण तत्त्व मोलाचे होते: आधी मजुरी, मग किंमत. खादी स्वस्त करण्यासाठी कातणारीला उपाशी ठेवता येणार नाही, हे तेव्हा मान्य झाले.

बीडमध्ये या तत्त्वाला विशेष अर्थ आहे. दिवाळीच्या सुमारास येथील हजारो जोडपी कोयता घेऊन साखरपट्ट्यात जातात. चरखा कोयत्याची जागा घेईल, असे सांगणे ही फसवणूक ठरेल. परंतु हंगाम संपल्यावर मुकादमाची नवी उचल घेण्याआधी घरात चार पैसे असले, तर सौदा करताना त्या बाईचा हात तितका दगडाखाली राहत नाही.

म्हणून मागण्या तीन. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून आहे, अंबाजोगाईस त्याचे प्रक्षेत्र आहे. त्याने निवडलेली लोकर हमीभावाने घ्यावी. कातणाऱ्या स्त्रियांची सहकारी संस्था व्हावी आणि तिची सूत्रे त्यांच्याच हाती असावीत. आणि लोकरीच्या लडीची किंमत किमान वेतनाच्या हिशेबाने, कातण्याचे तास मोजून ठरावी. कार्यकर्त्यांनी वाड्या-वस्त्यांवर जाऊन आधी एक साधी नोंद करावी: एक लड कातायला किती तास लागतात? तो आकडा हाती असल्याशिवाय व्यापाऱ्याशी किंवा सरकारशी बोलणी करता येणार नाहीत.