डोंगर धरून ठेवणारे गडगे : इटलीतील एक पायपीट

(कृषी विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विभागातील व्याख्यात्यांनी केलेले भाषण)



डोंगरउताराची शेती हा विषय मी वर्गात दरवर्षी शिकवतो. फळ्यावर उतार काढतो, त्यावर मजगीच्या पायऱ्या काढतो आणि मुले ती आकृती वहीत उतरवून घेतात. आज आकृती काढणार नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये मला इटली देशातील एका जुन्या गावाभोवतीच्या डोंगरात दोन दिवस पायी हिंडण्याचा योग आला. त्या पायपिटीची हकिकत सांगणार आहे. गाव परक्या मुलखातले असले तरी तिथे चढताना मला पावलोपावली आपली वरकस जमीन आठवत होती.

गाव आणि डोंगर

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर लिगुरिया नावाचा प्रांत आहे. तिथे समुद्राला खेटून पाच लहान गावे आहेत : मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. या टापूला चिंक्वे तेर्रे, म्हणजे ‘पाच भूमी’, असे म्हणतात. आमचा मुक्काम व्हेर्नात्साला होता. या गावाचा उल्लेख इसवी सन १०८० च्या कागदपत्रांत सापडतो. लहानसे बंदर, बंदरालगत जुने चर्च, वर कड्यावर किल्ल्याचा गोल बुरूज आणि मधून एकच मोठा रस्ता. त्या रस्त्याच्या पोटातून गावचा ओढा बंदिस्त करून समुद्रात सोडला आहे. हा ओढा लक्षात ठेवा, त्याची गोष्ट पुढे येईल.

गावाच्या मागे लगेच डोंगर उठतो. सपाट जमीन जवळजवळ नाहीच. तरीही या लोकांनी शेकडो वर्षे द्राक्षे आणि ऑलिव्ह पिकवले. कसे पिकवले? डोंगर कोरून पायऱ्या केल्या, निघालेल्या दगडांचे गडगे रचले आणि गडग्यांच्या मागे माती भरली. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड. त्यांच्या भाषेत त्याला ‘कोरडी भिंत’ म्हणतात. या पाच भूमींतले सगळे गडगे एका ओळीत मांडले तर त्यांची लांबी काही हजार किलोमीटर भरेल असा अंदाज सांगितला जातो. या मेहनतीची कदर म्हणून १९९७ साली युनेस्कोने हा भाग जागतिक वारसा ठरवला आणि १९९९ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले.

वाटेवर काय दिसले

पहिल्या दिवशी व्हेर्नात्साहून कोर्निल्याला निघालो. अंतर चारच किलोमीटर, पण चढउतारामुळे दीड-दोन तास लागतात. या टप्प्यावर चालण्यासाठी तिकीट काढावे लागते. पायात चपला नकोत, बंद बूट हवेत असा तिथला नियम आहे. वाट इतकी अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने गडग्याला पाठ लावून उभे राहावे. सुरुवातीला ऑलिव्हच्या बागा लागल्या. फळे तोडणीला आली होती म्हणून झाडांखाली जाळ्या पसरलेल्या होत्या. द्राक्षाची तोडणी सप्टेंबरातच आटोपलेली. काही निवडक घड मात्र हवेशीर जागी सुकत ठेवतात आणि नोव्हेंबरात त्यांपासून गोड वाइन करतात. या टापूची तीच खासियत.

दुसऱ्या दिवशी कोर्निल्याहून वर व्होलास्त्राला चढलो आणि तिथून मानारोलाला उतरलो. ही वाट द्राक्षमळ्यांच्या मधून, गडग्यांच्या माथ्यावरून जाते. एका हाताला वेली, दुसऱ्या हाताला खोल उतार आणि खाली निळा समुद्र. वेली बुटक्या मांडवावर धरलेल्या, कारण खारा वारा उंच वेल टिकू देत नाही. ट्रॅक्टर सोडाच, बैलसुद्धा इथे उभा राहणार नाही. पूर्वी घडांच्या टोपल्या डोक्याखांद्यावरून वाहत. आता काही ठिकाणी एकाच रुळावर चालणारी दातेरी गाडी उतारावर बसवली आहे. तिच्यावर क्रेट ठेवून माल वर-खाली नेतात.

पण दोन मळे हिरवे, तर पुढचे चार ओसाड, असाही देखावा होता. ओसाड तुकड्यांत झुडपे माजलेली, गडग्याला पोट सुटलेले, कुठे दगड खालच्या पायरीवर सांडलेले. गंमत अशी की गडग्याच्या या दुखण्याला इटालियन भाषेतही ‘पोट सुटणे’ याच अर्थाचा शब्द आहे.

माणूस गेला, गडगा पडला

हे ओसाडपण कसे आले? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळच्या ला स्पेझिया शहरात नौदलाची मोठी गोदी झाली आणि १८७० च्या दशकात किनाऱ्याने रेल्वे आली. तरुण मजुरीला शहरात जाऊ लागले. पुढे द्राक्षाच्या मुळांवर फिलॉक्सेरा किडीची धाड आली. नंतर पर्यटनाचा पैसा आला. मळ्यात कंबर मोडण्यापेक्षा खोली भाड्याने देणे सोपे झाले. एके काळी तिथे हजाराहून अधिक हेक्टरांवर द्राक्ष होते, आज ते शंभर हेक्टरांच्या आसपास उरले आहे. मी कोणाला दोष देत नाही. आपल्याकडेही मुंबईच्या गिरण्यांनी आणि नंतर शहरातल्या नोकऱ्यांनी हेच केले.

दिनांक २५ ऑक्टोबर २०११ रोजी दुपारी या डोंगरावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. व्हेर्नात्साच्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र अवघे पावणेसहा चौरस किलोमीटरांच्या आत-बाहेर. तेवढ्यात साडेतीनशेहून अधिक लहान-मोठ्या दरडी सुटल्या. माती, दगड आणि झाडे घेऊन ओढा गावात शिरला. बंदिस्त पात्रात ते मावेना, म्हणून रस्त्यावरून वाहू लागला. काही ठिकाणी गाळ चार मीटरांपर्यंत चढला. गावातली तीन माणसे दगावली.

पुढे शास्त्रज्ञांनी प्रत्येक दरड नकाशावर मांडली. नांदते मळे अजिबात घसरले नाहीत असे नाही. परंतु सर्वांत जास्त धोका आढळला तो पंचवीस-तीस वर्षांच्या आत पडीक पडलेल्या, डागडुजी नसलेल्या मजगीला. कारण सरळ आहे. अशा जागी गडग्याची निगा थांबलेली असते, पाण्याच्या वाटा बुजलेल्या असतात आणि माती धरून ठेवील असे खोल मुळांचे रान अजून उभे राहिलेले नसते. मजगी ही अर्धवट सोडता येत नाही, हे मला तिथे नीट समजले.

कोरडा गडगा काम कसा करतो

मानारोलाच्या वाटेवर एक म्हातारे शेतकरी गडगा दुरुस्त करत बसले होते. भाषेची अडचण होती, पण दगडाची भाषा एकच. अर्धा तास त्यांचे हात पाहिले. आपल्याकडचा जुना जाणता माणूस जे सांगतो तेच ते करत होते :

१. पाया घट्ट थरापर्यंत खणावा. सर्वांत मोठे दगड पायात घालावेत.

२. वरचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसवावा. सांध्यावर सांधा येऊ देऊ नये.

३. गडग्याचे तोंड डोंगराकडे थोडे झुकते ठेवावे. अधूनमधून लांब दगड आत आडवा घालावा, म्हणजे तो गडग्याला मागच्या भरावात धरून ठेवतो.

४. गडग्याच्या पाठीमागे लगेच माती भरू नये. आधी बारीक दगड आणि कपच्यांचा थर द्यावा. पाणी त्यातून खाली उतरते आणि फटींतून बाहेर पडते. म्हणून हा गडगा कोरडाच हवा. फटी सिमेंटने लिंपल्या की पाणी मागे तुंबते आणि त्याच्या दाबाने गडगा पोट काढतो.

ही कला २०१८ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. इटलीसह आठ देशांनी मिळून ती मांडली होती. २०१९ साली युरोपीय संघाच्या मदतीने मानारोलाच्या उतारावर पडके गडगे पुन्हा रचण्याचा आणि नव्या हातांना ही कला शिकवण्याचा प्रकल्प सुरू झाला.

आपण काय करावे

त्यांच्याकडे वर्षभरात हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस होतो. आपल्या कोकणात आणि घाटमाथ्यावर तीन हजारांच्या पुढे पडतो. म्हणून आपल्याला निचऱ्याची काळजी जास्त घ्यायला हवी. माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) ही नावे आपण विसरलेलो नाही. प्रत्येक दरडीची कारणे वेगळी असतात आणि सगळ्याच गडग्याने थांबत नाहीत. पण जे आपल्या हातात आहे ते तरी करावे :

• पाऊस लागण्यापूर्वी आणि पाऊस सरल्यावर, वर्षातून दोनदा, आपले सगळे गडगे चालून पाहावेत. पोट सुटलेला भाग पडण्याची वाट पाहू नये, उतरवून पुन्हा रचावा.

• वरच्या पायरीचे पाणी खालच्या पायरीवर धोधो पडू देऊ नये. दगडी सांडवा करून ते कडेच्या नाल्यात सोडावे.

• गडग्यात उगवलेले वड-पिंपळाचे रोप कोवळे असतानाच काढावे.

• जे तुकडे कसणे खरोखर शक्य नाही, तिथे आधी पाण्याला वाट करून द्यावी आणि मग झाडे लावावीत. नुसते वाऱ्यावर सोडू नयेत.

• वस्तीच्या वरच्या उताराला भेग दिसली किंवा नवीन ठिकाणी गढूळ पाझर फुटला, तर स्वतः खोदकाम करू नये. वस्ती सावध करून तहसील कार्यालयाला ताबडतोब कळवावे.

शेवटी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. आमच्या गावी आजोबांनी मजगी करून नाचणी-वरीचे सात तुकडे तयार केले होते. वडील नोकरीला लागले, मी शिकलो आणि तुकडे पडीक पडले. त्याला आता बावीस वर्षे होतील. व्हेर्नात्साच्या नकाशात जे वय सर्वांत धोक्याचे ठरले, तेच आमच्या तुकड्यांचे वय आहे. आणि त्यांच्या बरोबर खाली माझ्या चुलत्यांचे घर आहे. मृदसंधारण शिकवणाऱ्या माणसाला हे समजायला इटलीचा डोंगर चढावा लागला, याची मला लाज वाटते.

दिवाळीत भावाला घेऊन वर गेलो. सातांपैकी तीन गडगे पडलेले होते. काका म्हणाले, “अरे, तुझ्या आजोबांच्या वेळी दर शिमग्याला आम्ही सगळे मिळून दगड लावायचो. एकट्याचं काम नाही ते.” या उन्हाळ्यात चार घरे मिळून दोन गडगे रचून झाले आहेत. तिसरा पावसाआधी व्हावा अशी धडपड आहे. तुमच्याही डोंगरात असा एखादा गडगा असेल. घरी गेल्यावर एकदा वर चढून पाहा.