पंच आणि यंत्र

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले म्हणजे परभणी जिल्ह्यातील शेतांत ज्वारीचा हुरडा तयार होतो. गोवऱ्यांच्या आगटीभोवती नातलग, स्नेही आणि शहरातून मुद्दाम आलेले पाहुणे बसतात. कणसे भाजली जातात, गरम कणीस हातावर चोळून दाणे मोकळे केले जातात, आणि चटणी-गुळाबरोबर गप्पांसही रंग चढतो. याच दिवसांत ऑस्ट्रेलियात ऐन उन्हाळा असतो. तेथील मेलबर्न किंवा सिडनीचा कसोटी सामना आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होतो. साहजिकच हुरड्याच्या बैठकीत पीकपाण्याचा विषय संपला की क्रिकेटचा निघतो, आणि तो एकदा निघाला म्हणजे आगटी विझली तरी वाद विझत नाही.

अशा बैठकीत बहुधा दोन पक्ष पडतात. तरुणांच्या पक्षाचा नायक अलीकडे एकच, जसप्रीत बुमराह. २०२४–२५ च्या ऑस्ट्रेलियातील मालिकेत त्याने पाच सामन्यांत ३२ गडी बाद केले. तरीही मालिका ऑस्ट्रेलियाने ३–१ अशी जिंकली, आणि सिडनीच्या अखेरच्या डावात पाठीच्या दुखण्यामुळे बुमराहला एकही चेंडू टाकता आला नाही. वडीलधाऱ्यांच्या पक्षाला मात्र १३१ कसोटींत ४३४ गडी बाद करणारा कपिल देव आठवतो. त्याहून जुन्या पिढीतील कोणी असेल तर मुंबईच्या रमाकांत देसाईचे नाव निघते. अंगाने लहानखुरा असलेल्या या गोलंदाजाने २८ कसोटींत ७४ गडी टिपले. आणि श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावातून निघून ९२ कसोटींत ३११ गड्यांपर्यंत पोहोचलेला झहीर खान तर दोन्ही पक्षांस सारखाच प्रिय असतो. सेलू, जिंतूर किंवा गंगाखेडच्या मुलाला तो आपल्यापैकी एक वाटावा, हे स्वाभाविकच होय.

परंतु जलद गोलंदाजांची थोरवी गाता गाता वाद हटकून पंचांकडे वळतो. त्यास कारणही तसेच आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. पूर्वी तेवढ्या अवधीत पंचाने गोलंदाजाचे पाऊल रेषेच्या आत पडले की नाही ते पाहावयाचे, लगेच नजर उचलून चेंडू कोठे टप्पा घेतो ते टिपावयाचे, तो बॅटला लागला की पॅडला ते कानांनी ऐकावयाचे, आणि पॅडला लागला असल्यास मध्ये पाय नसता तर तो यष्टींवर गेला असता काय, याचा मनाशी निर्णय करावयाचा. इतके सर्व काम एका माणसाच्या दोन डोळ्यांवर सोपविलेले होते. चूक होत असे यात नवल नाही. इतक्या क्वचित होत असे, हेच नवल.

ज्या चुका झाल्या, किंवा झाल्या असे खेळाडूंस वाटले, त्या मात्र पिढ्यानुपिढ्या स्मरणात राहिल्या. १९८१ च्या फेब्रुवारीत मेलबर्नच्या मैदानावर सुनील गावसकर ७० धावांवर असताना डेनिस लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी त्यांस पायचीत ठरविले. चेंडू आधी बॅटला लागला अशी गावसकरांची खात्री होती. संतापाच्या भरात ते आपला साथीदार चेतन चौहान यालाही घेऊन मैदानाबाहेर निघाले. संघाच्या व्यवस्थापकांनी सीमारेषेपाशी चौहानला परत फिरविले, म्हणून सामना वाचला. पुढे दुखऱ्या पायानिशी कपिल देवने २८ धावांत ५ गडी बाद केले, ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत आटोपला आणि भारताने सामना ५९ धावांनी जिंकला. चौहान परतला नसता तर हा विजय भारताच्या नावावर लागलाच नसता. आपल्या त्या कृतीबद्दल गावसकरांनी पुढे खेदही व्यक्त केला.

अविश्वास दूर करण्यासाठी क्रिकेटने दोन मार्ग शोधले. पहिला तटस्थ पंचांचा. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटीस मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय पंच उभे राहिले. दोन पक्षांच्या भांडणात तिसऱ्या गावचा माणूस बोलवावा, ही आपल्याकडील जुनीच रीत जणू तेथे अवलंबिली गेली. दुसरा मार्ग यंत्राचा. १९९२ च्या नोव्हेंबरात डर्बनच्या कसोटीत दूरचित्रणाच्या साहाय्याने तिसऱ्या पंचाने धावबादचा निर्णय दिला. असा निर्णय मिळालेला पहिला फलंदाज मुंबईचा सचिन तेंडुलकर होता. पुढे २००८ साली श्रीलंकेत भारताच्याच मालिकेत, पंचाच्या निर्णयाविरुद्ध खेळाडूंना दाद मागता येईल अशी पद्धत प्रयोगादाखल आली. भारतीय मंडळाने त्यानंतर कित्येक वर्षे तिच्यावर विश्वास ठेवला नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात इंग्लंडविरुद्ध राजकोटच्या कसोटीपासून तिचा स्वीकार झाला.

आता तरी वाद मिटावयास हवे होते. परंतु २०२४ सालच्या अखेरीस काय घडले, ते पाहण्याजोगे आहे. २२ नोव्हेंबर रोजी पर्थ येथे मिचेल स्टार्कच्या चेंडूवर के. एल. राहुल २६ धावांवर असताना झेलाचे अपील झाले. मैदानावरील पंचांनी ते फेटाळले. ध्वनी टिपणाऱ्या यंत्रावर खूण उमटली. परंतु ती चेंडू बॅटला लागल्याची की बॅट पॅडला लागल्याची, हा प्रश्न उरला. तिसऱ्या पंचांनी राहुलला बाद ठरविले. त्यानंतर ३० डिसेंबर रोजी मेलबर्नला यशस्वी जयस्वाल ८४ धावांवर खेळत असता पॅट कमिन्सच्या आखूड चेंडूवर तसाच प्रसंग आला. या वेळी यंत्रावर खूण उमटलीच नाही. मात्र चित्रात चेंडूची दिशा बदललेली दिसत होती. तिसऱ्या पंचांनी डोळ्यांवर विसंबून जयस्वालला बाद दिले. भारताने तो सामना १८४ धावांनी गमावला. यंत्र ठेवावयाचे तर ते मानलेच पाहिजे, अशा आशयाची टीका समालोचन करणाऱ्या गावसकरांनी केली. कर्णधार रोहित शर्माने मात्र सामन्यानंतर प्रांजळपणे सांगितले की, चेंडू काहीतरी स्पर्शून गेल्यासारखे दिसत होते.

म्हणजे पर्थला यंत्र बोलले, पण कोणाविषयी बोलले ते कळेना. मेलबर्नला ते मौन राहिले, आणि त्या मौनाचा अर्थ माणसालाच लावावा लागला. त्याच मैदानावर, मुंबईच्याच एका सलामीच्या फलंदाजाविषयी, ४३ वर्षांनंतर वाद पुन्हा उभा राहिला. फरक एवढाच की, पूर्वी पंचाच्या डोळ्यांविषयी शंका घेतली जात असे, आता यंत्राच्या पुराव्याचा अर्थ लावणाऱ्याविषयी घेतली जाते.

यंत्राचे कर्तेही ही मर्यादा जाणून आहेत. पायचीतच्या प्रसंगी चेंडूचा पुढील मार्ग यंत्र रेखाटते खरे, परंतु तो घडलेल्या गोष्टीचा फोटो नसून न घडलेल्या गोष्टीचे अनुमान असते. म्हणून चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टींस घासून जाणार असे दिसल्यास मैदानावरील पंचाचाच शब्द कायम ठेवला जातो. एकाच जागी लागणाऱ्या चेंडूवर एक फलंदाज बाद आणि दुसरा नाबाद कसा, असा सवाल आगटीभोवतीचे तरुण करतात. तो वरवर बिनतोड वाटतो. तथापि जेथे मापनच डळमळीत, तेथे निर्णय कोणा माणसावर सोपवावाच लागतो, हे त्याचे उत्तर होय. यंत्राने उघड चुका पुष्कळ कमी केल्या, हे मान्य केलेच पाहिजे. निवाड्याची गरज मात्र त्याने संपविलेली नाही.

मराठीत अंपायरला ‘पंच’ म्हणतात, ते उगाच नव्हे. गावाचा पंच सर्वज्ञ असतो म्हणून त्याचा शब्द मानला जात नसे. दोन्ही पक्षांनी त्याला आधीच कबूल केलेले असते, म्हणून मानला जात असे. १९८० च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वानखेडे मैदानावरील सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडचा बॉब टेलर झेलबाद ठरविला गेला होता. भारताचा कर्णधार विश्वनाथ याला तो बाद नसल्याचे वाटले आणि त्याने अपील मागे घेऊन टेलरला परत बोलाविले. टेलर व इयान बॉथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि इंग्लंडने सामना दहा गड्यांनी जिंकला. विश्वनाथने सामना गमावला. पण त्याविषयी आज बोलणारे विजयापेक्षा त्या परत बोलावण्याचाच उल्लेख अधिक करतात. तेथे दुरुस्ती यंत्राने केली नाही, प्रतिपक्षाने केली.

या गोष्टीचे महत्त्व परभणीसारख्या ठिकाणी विशेष आहे. शाळेच्या पटांगणावर आणि कापणी झालेल्या रानात होणाऱ्या सामन्यांत कॅमेरा नसतो, तिसरा पंच नसतो. फलंदाजी करणाऱ्या संघातील एखादा मुलगाच, आपली पाळी येईपर्यंत, पंच म्हणून उभा राहतो. दूरचित्रवाणी पाहून मुले हातांनी दाद मागण्याची खूण करतात आणि हसतात, कारण दाद कोणाकडे मागावयाची हे त्यांस ठाऊक नसते. झेलाचा बारीकसा आवाज त्या पंच-मुलाने ऐकलेला असतो. बाद द्यावे तर आपलाच गडी जातो, कदाचित आपलाच थोरला भाऊ. न द्यावे तर दुसऱ्या दिवशी समोरचा संघ खेळावयास येत नाही. त्या क्षणी तो बोट वर करतो की नाही, यावर त्या पटांगणातील उद्याचा खेळ अवलंबून असतो.

मेलबर्नच्या निर्णयाविषयी कितीही मतभेद असोत, हुरड्याच्या बैठकीतील वडीलधाऱ्यांनी व तरुणांनी त्या मुलाविषयी एकमत करावयास हरकत नाही. त्याने बोट वर केले तर त्याचा भाऊ रागावेल, कुरकुर करील, आणि बॅट खाली ठेवून निमूटपणे चालू लागेल.