खेळासाठी संगणक : मांडीवरचा की मेजावरचा?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सोयाबीनची पट्टी हातात पडल्यावर आमच्या गावचे एक शेतकरी गृहस्थ बारावीतल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, पोराला कॉम्प्युटर घ्यायचाय. हा म्हणतो लॅपटॉपच पाहिजे. दुकानदार म्हणतो डेस्कटॉप घ्या. आपल्याला त्यातलं कळत नाही. सत्तर हजार बाजूला काढलेत, तुम्ही सांगाल ते घेतो." मी विचारले, "कशासाठी हवाय?" "अभ्यासाला," वडील म्हणाले. मुलगा काहीच बोलला नाही. चहा होईपर्यंत त्याला अंगणात नेऊन मी पुन्हा तेच विचारले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "गेम खेळायचाय सर. मोबाइलवर नीट चालत नाही."

हा प्रसंग आज पुष्कळ घरांत घडतो, आणि गावात सल्ला विचारला जातो तो बहुधा शिक्षकाला. म्हणून या विषयावर आज थोडे बोलावे असे ठरवले.

पहिली गोष्ट ही की, हेतू खरा सांगितल्याशिवाय यंत्र निवडता येत नाही. टंकलेखन, हिशेब, व्हिडिओवरचे पाठ एवढेच काम असेल तर साधे यंत्र पुरते. त्यासाठी सत्तर हजार घालवण्याचे कारण नाही. खेळाचे मात्र तसे नसते. चित्रपटातली चित्रे आधीच तयार असतात. यंत्राने ती फक्त एकामागून एक दाखवायची. खेळात मुलगा बटण कसे दाबेल हे आधी ठाऊक नसते, म्हणून प्रत्येक चित्र त्या क्षणी नव्याने काढावे लागते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे सुमारे पावणेएकवीस लाख. खेळ सुरळीत दिसायला सेकंदाला साठ चित्रे हवीत असे धरले, तर दर सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. हे काम ज्या भागाकडे असते त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. ते काम करते तेव्हा वीज खाते, आणि खाल्लेल्या विजेची अखेर उष्णता होते.

लॅपटॉप की डेस्कटॉप या वादाचे मूळ या उष्णतेत आहे. पंपाची मोटार चालून तापली की तिला वारा लागतो. तीच मोटार पत्र्याच्या पेटीत कोंडून चालवली तर काय होईल, हे आपल्याला सांगायला नको. डेस्कटॉपची पेटी मोठी. आत मोठे पंखे बसतात, हवा खेळते. लॅपटॉप म्हणजे पाठीवरचे बिऱ्हाड. पडदा, कळफलक, बॅटरी आणि सगळे यंत्र दोन बोटे जाडीच्या जागेत बसवलेले. आत फार तापले की यंत्र स्वतःच आपला वेग कमी करते. खेळ अडखळतो, आणि मुलाला वाटते यंत्रच खराब निघाले.

म्हणूनच दुकानात नावावर जाऊ नये. एक उदाहरण देतो. एन्व्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्ड २०२३ साली बाजारात आले. डेस्कटॉपसाठीच्या या कार्डात हिशेब करणारे ५,८८८ गाभे आहेत, स्वतःची स्मृती १२ जीबी आहे, आणि ते २०० वॅटपर्यंत वीज घेते. लॅपटॉपमधले आरटीएक्स ४०७० निराळे आहे. त्यात ४,६०८ गाभे आणि ८ जीबी स्मृती. शिवाय लॅपटॉप बनवणारी कंपनी त्याला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत, आपल्या सोयीने, वीज देऊ शकते. म्हणजे एकाच नावाचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले तरी त्यांचे बळ सारखे असेलच असे नाही. तेव्हा दुकानदाराला नाव विचारून थांबू नये, "याला किती वॅट मिळतात?" हेही विचारावे.

आता विजेचे पाहू. लाईट गेली की लॅपटॉप चालू राहतो, हा त्याचा मोठा गुण खेड्यात फार मोलाचा आहे. पण बॅटरीवर खेळ खेळायला बसले तर वेग उतरतो आणि तासाभराच्या आसपास बॅटरी संपते. बॅटरीचा उपयोग लिहिण्यावाचण्याला. खेळाला भिंतीतलीच वीज लागते. डेस्कटॉप लाईट गेल्याक्षणी बंद पडतो, म्हणून त्याला यूपीएस घेणे भाग आहे. लहान यूपीएसवर खेळ चालू ठेवायचा नसतो. काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यापुरता वेळ त्याने मिळतो. विजेचा खर्च म्हणाल, तर पडद्यासह डेस्कटॉपला खेळताना ३०० वॅट आणि लॅपटॉपला १५० वॅट लागतात असे धरू. रोज दोन तासांच्या हिशेबाने महिन्याला अठरा युनिट आणि नऊ युनिट. फरक आहे, पण निवड त्यावर ठरावी एवढा नाही.

त्याहून मोठा फरक दुरुस्तीत आहे. डेस्कटॉपचा प्रत्येक भाग सुटा असतो. वीज पुरवणारा डबा जळाला तर तेवढा बदलावा. चार वर्षांनी ग्राफिक्स कार्ड जुने वाटले तर तेवढेच नवे घ्यावे. तालुक्याच्या गावी न मिळालेला भाग जिल्ह्याला मिळतो, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतो. लॅपटॉपमध्ये स्मृतीची पट्टी किंवा साठवणीचा भाग बहुधा बदलता येतो. ग्राफिक्सचा भाग मात्र मुख्य पाटीला झाळून टाकलेला असतो, आणि तो गेला की सबंध पाटीचा खर्च अंगावर येतो. आपल्याकडच्या धुळीचाही विचार करावा. डेस्कटॉपची बाजू उघडून, वीज काढून, दोन महिन्यांनी ब्लोअरने धूळ उडवता येते. लॅपटॉप उघडणे नाजूक काम आहे. आणि नावात मांडी असली तरी खेळताना तो मांडीवर किंवा गोधडीवर ठेवू नये. खालची हवेची भोके बंद होतात.

मग लॅपटॉप घ्यावाच केव्हा? ज्याला घर बदलावे लागते त्याने. मुलगा वसतिगृहात जाणार असेल, शिक्षकाची बदली होणार असेल, घर एकाच खोलीचे असेल, तर लॅपटॉपच योग्य. डेस्कटॉप एसटीतून दर सुट्टीला नेता-आणता येत नाही. अशाने थोडा वेग कमी आणि थोडी किंमत जास्त सोसावी. त्या पैशांत हलतेपण विकत घेतलेले असते. ज्याचे यंत्र एकाच जागी राहणार, त्याने मात्र हलतेपणाचे पैसे का द्यावेत? तेवढ्याच रकमेत डेस्कटॉप सामान्यतः जास्त काम देतो. फक्त किंमत विचारताना पडदा, कळफलक, माउस आणि यूपीएस धरून विचारावी. नुसत्या पेटीची किंमत ऐकून निघालेला माणूस दुकानात अर्ध्या वाटेवर अडकतो.

आणखी एक सांगतो. प्रत्येक खेळाच्या माहितीत किमान कोणते यंत्र हवे आणि कोणते बरे, हे दोन्ही लिहिलेले असते. मुलाला आवडीचे तीन खेळ कागदावर लिहायला सांगावे आणि त्यांच्यापुढे ही माहिती त्यानेच शोधून मांडावी. पुष्कळदा असे दिसते की मनातल्या खेळांना एवढे महाग यंत्र लागतच नाही. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' हा प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवरचा खेळ २०२० साली आला. असे खेळ आपल्याकडचीच माणसे करतात, हेही मुलांना कळावे. खेळात रमलेला मुलगा एखाद्या दिवशी विचारतो, हे बनवतात कसे? तो प्रश्न आला की शिक्षकाचे काम सुरू होते.

त्या दिवशी मी मुलाला म्हटले, "जे मला सांगितलंस ते आबांना सांग. पैसे त्यांचे आहेत." चहा पिता पिता त्याने सांगितले. वडील क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "मग आधीच बोलायचं की रे." मी त्यांना घाई न करण्याचा सल्ला दिला. निकालानंतर मुलगा पुण्याला जातो की गावातून ये-जा करतो, हे कळल्यावरच निवड करावी.

जूनमध्ये त्याला तालुक्याच्याच महाविद्यालयात प्रवेश मिळाला, आणि डेस्कटॉप घरी आला. तो आतल्या खोलीत न ठेवता ओसरीलगतच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला पडदा दिसेल असा मांडला आहे. परवा वडील बाजारात भेटले. मी विचारले, "काय, कसं चाललंय?" म्हणाले, "चांगलं चाललंय सर. रात्री नऊला बंद करायचं ठरलंय, आणि करतो. अन् लाईट गेली की आपणहून शेताकडं येतो."