अंगणातील प्रार्थनाकीटक



आपल्या ग्रंथालयाने छंदाविषयी बोलण्यासाठी मला बोलावले, तेव्हा मी थोडा संकोचलो. मी कीटकशास्त्रज्ञ नाही. माझे आयुष्य सरकारी कचेरीत फायली हाताळण्यात गेले. परंतु घरामागच्या लहानशा बागेत एका किड्याच्या सहवासात मी पंचवीस पावसाळे काढले, त्याची शेकडो छायाचित्रे घेतली, आणि त्या ओघात माझ्या हातून एक चूकही झाली. त्या चुकीने मला जे शिकवले, ते आपणापुढे मांडावे एवढाच माझ्या भाषणाचा हेतू आहे.

दिल्लीतील आर. के. पुरम, म्हणजे रामकृष्णपुरम्, ही सेक्टरांत विभागलेली सरकारी नोकरांची मोठी वसाहत आहे. १९८३ साली मला तेथे तळमजल्यावरचे घर मिळाले. घरामागे पंधरा पावले लांब व आठ पावले रुंद अशी मोकळी जागा होती. तिच्यात कढीलिंबाचे एक झाड, कागदी लिंबाचे झुडूप, कुंपणावर मधुमालतीचा वेल आणि पावसाळ्यात भेंडी व दोडका एवढाच पसारा असे. जमीन खडकाळच. सेक्टर ७ मधील मलाई मंदिर ज्या टेकडीवर उभे आहे, ती अरवलीच्या रांगेचाच एक तुकडा आहे. आमच्या अंगणात कुदळ मारली की त्याच खडकाशी तिची गाठ पडे.

१९८४ च्या ऑगस्ट महिन्यात एके दिवशी सकाळी मी दोडक्याचे वाळलेले पान तोडावयास हात पुढे केला आणि त्या पानाशेजारच्या हिरव्या काडीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. ‘मान वळवून पाहिले’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो. किडा आपल्याकडे पाहतो, असे आपल्याला सहसा वाटत नाही. मुंगी, झुरळ, टोळ यांना डोळे असतात, पण दृष्टी असल्याचा भास होत नाही. या किड्याचे त्रिकोणी डोके मात्र बारीक मानेवर सहज फिरते, आणि मोठ्या डोळ्यांतील काळा ठिपका आपण जिकडे जाऊ तिकडे वळतो. मी डावीकडे सरकलो, ठिपकाही सरकला. त्या क्षणी माझी आणि त्याची ओळख झाली, असे मी बरीच वर्षे मानीत होतो.

पुढे वाचनातून कळले की तो ठिपका बुबुळ नव्हे. किड्याचा संयुक्त नेत्र हजारो बारीक नळ्यांसारख्या घटकांचा बनलेला असतो. त्यांपैकी ज्या नळ्यांची तोंडे नेमकी आपल्याकडे असतात, त्या प्रकाश शोषून घेतात आणि म्हणून काळ्या दिसतात. आपण हललो की दुसऱ्या नळ्या आपल्यासमोर येतात. म्हणजे ठिपका सरकत नाही, आपणच सरकतो. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिचा पुन्हा उपयोग होणार आहे.

या किड्याला मराठीत प्रार्थनाकीटक म्हणतात. महाराष्ट्रात ‘खंडोबाचा किडा’ असेही नाव आहे. ग्रीक भाषेत ‘मँटिस’ म्हणजे भविष्यवेत्ता. लिनियसने १७५८ साली यातील एका जातीला ‘धार्मिक’ अशा अर्थाचे लॅटिन विशेषण जोडले. पुढचे दोन पाय जोडून तो निश्चल बसतो, यावरून ही सारी नावे पडली. वस्तुतः त्या पायांवर काट्यांच्या दोन रांगा असतात आणि चाकूचे पाते मुठीत मिटावे तसा पायाचा पुढील भाग मागील भागावर मिटतो. माशी टप्प्यात आली की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत ती त्या काट्यांत अडकलेली असते. जगात या किड्यांच्या सुमारे अडीच हजार जाती ज्ञात आहेत. भारतात दीडशेहून अधिक. नात्याने ते झुरळ आणि वाळवी यांना जवळचे आहेत, ही गोष्ट माझ्या पत्नीला मी फार उशिरा सांगितली.

छायाचित्रणाचा नाद मला आधीपासून होता. त्या काळी एका रोलमध्ये छत्तीस चित्रे येत, आणि रोल विकत घेणे व धुऊन आणणे हा महिन्याच्या हिशेबातला ठळक खर्च असे. भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये कडी बसवून मी जवळून चित्रे घेऊ लागलो. इतक्या जवळून पाहिल्यास स्पष्ट दिसणारा भाग फार पातळ असतो, जेमतेम काही मिलिमीटरांचा. डोळा स्पष्ट आला तर पाय पुसट, पाय स्पष्ट आला तर डोळा गेला. वाऱ्याची झुळूक आली की सारेच गेले. पहिल्या रोलमधील दोन चित्रे बरी आली. त्यांपैकी एकात तर माझाच अंगठा अधिक स्पष्ट होता.

हळूहळू काही गोष्टी समजल्या. किड्याकडे वरून न पाहता त्याच्या पातळीवर यावे, म्हणजे ओल्या जमिनीवर पालथे पडावे. फ्लॅशपुढे तेल्या कागद लावावा, म्हणजे डोळ्यांवर पांढरा डाग उमटत नाही. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थांबावे. पहिली दहा मिनिटे तो आपल्याकडे पाहतो. पंधराव्या मिनिटाला तो आपल्याला विसरतो आणि पुढच्या पायाने डोळा पुसू लागतो, अगदी मांजरीसारखा. खरी चित्रे तेथून पुढे मिळतात.

थांबण्यामुळेच त्याचे वर्ष मला दिसले. आमच्या बागेत बारीक, पंख नसलेली पिल्ले आषाढ-श्रावणात दिसत. ती पुनःपुन्हा कात टाकून वाढत आणि शेवटच्या कातीनंतर त्यांना पंख फुटत. नर सडपातळ आणि उडण्यात तरबेज. मादी थोराड, जड उदराची. दसरा-दिवाळीच्या सुमारास मादी एखाद्या फांदीवर उलटी बसून उदरातून फेस सोडी आणि त्या फेसात अंडी घाली. फेस वाळला की त्याची बदामाएवढी, चिवट, भुरकट पेटी बने. दिल्लीचे धुके आणि थंडी त्या पेटीत निघून जाई. होळीच्या आगेमागे उन्हे तापू लागली की एखाद्या सकाळी पेटीच्या फटीतून डासाएवढी पिल्ले एकापाठोपाठ बाहेर पडत आणि रेशमासारख्या बारीक धाग्यांवर घोसाने लोंबत. शंभराहून अधिक जीव तासाभरात पांगत. त्यांतील पंखांपर्यंत पोहोचणारे फारच थोडे, कारण मुंग्या, कोळी, सरडे, पक्षी आणि त्यांची स्वतःची भावंडे यांच्या तावडीतून ती सुटावी लागतात. काही पेट्यांतून तर पिल्लांऐवजी चिमुकल्या गांधीलमाश्या निघाल्या. त्यांच्या आयांनी लांब नळीने पेटीत आपली अंडी आधीच घातलेली होती.

हा किडा बागेचा रखवालदार आहे, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. कढीलिंबावर काळ्या-पिवळ्या फुलपाखराचे सुरवंट मी मोठ्या प्रेमाने राखले होते. त्यांतील एक फुलपाखरू कोशातून निघून पंख वाळवीत असता त्याने ते धरले. मधमाश्यांनाही तो सोडीत नाही. तो आपला मित्र नव्हे आणि शत्रूही नव्हे. तो भुकेला असतो आणि जे हलते ते धरतो. तरीही मी बागेत औषध फवारणे बंद केले. त्याचे कारण एवढेच की, फवाऱ्याने मावा मरतो तसा माव्याला खाणाराही मरतो, आणि मावा लवकर परत येतो. शिकारी जीवाला परत येण्यास वर्ष लागते. शेजाऱ्यांना हे पटवणे सोपे नव्हते. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची भयंकर साथ आली, तेव्हा धुराचे यंत्र अंगणातून फिरवू नका असे म्हणण्याचे धैर्य मलाही झाले नाही, आणि ते योग्यही झाले नसते. मी कूलर आणि कुंड्यांतले साचलेले पाणी दर आठवड्यास ओतून देऊ लागलो, आणि शेजाऱ्यांनाही तेच सुचवले. डास तेथेच जन्मतो.

आता माझ्या चुकीकडे येतो.

१९८५ च्या ऑक्टोबरात माझ्या मनाने घेतले की, मीलनाच्या वेळी मादी नराला खाते, त्याचे छायाचित्र आपल्याजवळ हवे. प्रत्येक पुस्तकात ही गोष्ट होती. फ्रान्समधील थोर निरीक्षक फाब्र यानेही तिचे रोमहर्षक वर्णन केलेले आहे. बागेत वाट पाहण्याचा मला कंटाळा आला होता. मी मधुमालतीवरची एक मादी आणि दिव्यापाशी आलेला एक नर पकडला आणि दोघांना काचेच्या बरणीत ठेवले. मादी दोन दिवस उपाशी होती. तिला खाऊ घालण्याचे माझ्या ध्यानात आले नव्हते. बरणीवर फ्लॅश पुनःपुन्हा चमकत होता. नराने काचेवर चढण्याचा प्रयत्न केला, तो घसरला. अर्ध्या तासात मादीने त्याचे डोके खाल्ले होते आणि माझा रोल संपला होता.

चित्रे उत्तम आली. कचेरीत, नातेवाइकांत, मुलांच्या शाळेत मी ती दाखविली, आणि प्रत्येक वेळी ‘निसर्ग असाच क्रूर असतो’ असे भाष्यही केले.

काही वर्षांनी मी या विषयाचा इतिहास वाचला. १८८६ साली हॉवर्ड या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने या भक्षणाचे जे प्रसिद्ध वर्णन केले, त्यातही एका मित्राने पाळलेल्या मादीच्या बरणीत त्याने स्वतः नर सोडला होता. नराने पळण्याचा प्रयत्न केला, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. शंभर वर्षांनंतर लिस्के आणि डेव्हिस या दोघांनी वेगळा प्रयोग केला. त्यांनी माद्यांना पोटभर खाऊ घातले, आपण स्वतः समोरून दूर झाले आणि कॅमेऱ्याला पाहू दिले. तेव्हा त्यांना नर-मादींचे सावकाश, सविस्तर प्रियाराधन दिसले. नर खाल्ला गेलेला दिसला नाही. उघड्या रानात असे भक्षण घडतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. ते घडते, आणि भुकेल्या मादीकडून अधिक घडते. परंतु तो या किड्याचा अटळ नियम नाही.

ते वाचून मी माझी चित्रे काढून पाहिली. त्यांत खोटे काहीच नव्हते. मादी खरी, नर खरा, मृत्यूही खरा. फक्त बरणी चौकटीबाहेर राहिली होती, मादीची भूक चौकटीबाहेर राहिली होती, आणि मीही. डोळ्यातील तो काळा ठिपका आपणास आठवत असेल. सरकत होतो मी, आणि मला वाटत होते की किडा सरकतो आहे. येथेही तेच झाले होते. निसर्गाची म्हणून मी जी क्रूरता दाखवीत होतो, तिची निम्मी माझीच होती.

त्यानंतर मी कोणताही किडा चित्रासाठी पकडला नाही. त्यामुळे चित्रे कमी मिळाली, पण अधिक काही दिसले. एका रात्री दिव्याकडे उडत येणारा नर अचानक गिरकी घेऊन गवतात कोसळला आणि त्याच क्षणी वरून वटवाघूळ गेले. या किड्याला छातीच्या खाली मध्यावर एकच कान असतो आणि त्याला वटवाघळाचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज ऐकू येतो, हे येगर आणि हॉय यांनी १९८६ साली दाखवून दिले होते. त्या प्रसंगाचे चित्र माझ्याजवळ नाही. तरीही माझ्या संग्रहात ते मी पहिल्या क्रमांकावर धरतो.

२००९ साली मी निवृत्त झालो आणि नियमाप्रमाणे घर सोडले. कढीलिंबाच्या एका फांदीवर तेव्हा एक पेटी होती. नव्याने राहावयास येणाऱ्या कुटुंबातील बाईंना मी ती दाखविली आणि होळीपर्यंत ही फांदी तोडू नये, अशी विनंती केली. त्यांनी ‘बरे’ म्हटले. एका म्हाताऱ्याची समजूत घालावी तसे. मार्चच्या अखेरीस त्या बाजूला गेलो असता मी कुंपणावरून डोकावलो. फांदी होती. पेटीखाली बारीक धाग्यांचा पांढुरका झुपका वाऱ्याने हलत होता. पिल्ले निघून गेली होती.

आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात कॅमेरा आहे, आणि रोल संपण्याची भीती राहिलेली नाही. दुसरीकडे मोकळी अंगणे कमी होत आहेत. शेजारच्या नौरोजीनगर, नेताजीनगर, सरोजिनीनगर या वसाहतींची जुनी घरे पाडून उंच इमारती बांधण्याची योजना निघाली, तेव्हा झाडतोडीचा प्रश्न २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. मोठी झाडे मोजता येतात, म्हणून त्यांच्यासाठी भांडता येते. फांदीवरची पेटी कोणी मोजीत नाही. तेव्हा ज्यांच्याजवळ अंगण असेल, गच्चीवर चार कुंड्या असतील, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे : हिवाळ्यात छाटणी करण्यापूर्वी फांद्या एकदा नीट पाहाव्यात. आणि चित्र घ्यावयाचे असेल, तर बरणी न आणता स्वतः पंधरा मिनिटे थांबावे.