लहान मुलांची शिकवणी

परवां सकाळीं फिरावयास गेलों असतां आमच्याच इमारतींतील एक गृहस्थ भेटले. चालतां चालतां ते म्हणाले, "मुलगी दुसरींत गेली. इंग्रजी आणि गणित या दोन विषयांना आतां शिकवणी लावावी म्हणतों. आपलें काय मत?" मीं विचारलें, "तिला येत काय नाहीं?" ते थोडे घुटमळले आणि म्हणाले, "तसें तिला सगळेंच येतें. पण तिच्या वर्गांतल्या सर्वांनीं लावली आहे."

श्रोतेहो, हें उत्तर आपण सर्वांनीं कधीं ना कधीं ऐकलें असेल. कदाचित् दिलेंही असेल. आपल्या देशांतील खेड्यापाड्यांतून २००५ पासून ‘असर’ या नांवानें मुलांच्या वाचनाची व अंकगणिताची पाहणी होत आली आहे. पैसे देऊन शिकवणीला जाणाऱ्या पहिली ते आठवीच्या मुलांचें प्रमाण त्या पाहणींत २०१८ सालीं शेंकडा २६ च्या आसपास होतें, तें २०२२ सालीं शेंकडा ३० च्या वर गेलें. ही खेड्यांची गोष्ट झाली. शहरांतील आपल्या घरांविषयीं मी निराळें सांगावयास नकोच. शाळेंत शिकविणाऱ्या शिक्षकानें खाजगी शिकवणी करूं नये, असें २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या २८ व्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे. त्यामुळें हें काम शिकवणीचे वर्ग काढणाऱ्यांकडे, महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींकडे आणि माझ्यासारख्या रिकाम्या म्हाताऱ्यांकडे येतें.

मी व्यवसायानें शिक्षक नव्हे. माझीं चौतीस वर्षें लोकांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासण्यांत गेलीं. निवृत्त झाल्यावर संध्याकाळीं घरीं चारसहा मुलें येऊं लागलीं आणि हिशेब तपासणारा मनुष्य हिशेब शिकवूं लागला. तपासणें आणि शिकविणें या दोहोंत केवढें अंतर आहे, हें मला एका मुलीनें शिकविलें. तिचीच हकीकत आज आपणांस सांगणार आहें.

तिची आई आमच्या इमारतींत दोन घरीं स्वयंपाकाचें काम करते. मुलगी तेव्हां तिसरींत होती. शाळा इंग्रजी माध्यमाची. त्या शाळेची फी भरतांना त्या माउलीला काय काय बाजूला सारावें लागत असेल, याची कल्पना आपण करावी. एके दिवशीं ती मुलीची शाळेची डायरी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, बाईंनी काय लिहिलं आहे, जरा वाचा ना." मुलगी गणितांत कच्ची आहे, घरीं लक्ष द्यावें, अशा अर्थाचा तो इंग्रजी शेरा होता. मीं तो वाचून दाखविला आणि म्हटलें, "उद्यांपासून तिला पाठवून द्या."

पुढें तीन महिने मीं काय केलें, तर जें मला येत होतें तें केलें. पाढे म्हणवून घेतले. बेरजांचे आणि वजाबाक्यांचे रकानेच्या रकाने सोडवून घेतले. मुलगी मुकाट्यानें सर्व करी आणि बहुतेक बरोबर करी. वही अशी स्वच्छ आणि टिकमार्कांनीं भरलेली कीं, कोणत्याही पालकाला दाखवावी. मग सहामाही परीक्षा झाली, आणि शाब्दिक उदाहरणांच्या सबंध प्रश्नाला तिला शून्य गुण मिळाले. मी रागावलों. "इतकें करून घेतलें, तें सारें गेलें कुठें?" असें कांहींसें बोललों. ती रडली नाहीं. वही दप्तरांत भरतां भरतां अगदीं सहज म्हणाली, "आजोबा, मी मठ्ठच आहे." आठ वर्षांच्या मुलीनें स्वतःविषयीं हा निकाल इतक्या शांतपणें द्यावा, आणि तो देण्याच्या कामीं आपला हात असावा, ही गोष्ट मला त्या रात्रीं झोपूं देईना.

दुसऱ्या दिवशीं मीं वही काढूंच दिली नाहीं. तिला म्हटलें, "आईनें तुला पन्नासाची नोट दिली. वाण्याकडे बत्तीस रुपयांचें सामान घेतलेंस. परत किती आणशील?" "अठरा," ती तत्काळ म्हणाली. अशीं सातआठ गणितें मीं तोंडीं विचारलीं. एकही चुकलें नाहीं. मग परीक्षेचा कागद पुढें ठेवला. सीतेजवळ पंधरा आंबे होते, तिनें सहा दिले, ‘हाऊ मेनी आर लेफ्ट?’ मीं विचारलें, "लेफ्ट म्हणजे काय?" तिनें आपला डावा हात वर केला.

पुढचें उदाहरण होतें गोट्यांचें. रामाजवळ नऊ, गोपाळाजवळ पांच. रामाजवळ ‘हाऊ मेनी मोअर’? तिनें उत्तर लिहिलें होतें चौदा. मीं कारण विचारलें. ती म्हणाली, "मोअर म्हणजे अधिक. अधिक म्हणजे बेरीज." श्रोतेहो, या तर्कांत आपण काय दोष काढणार? बेरजेच्या चिन्हाला घरीं आपण ‘अधिक’ म्हणतों, हें तिनें ध्यानांत ठेवलें होतें. इंग्रजी शब्दाचा अर्थ पाठ केला होता. आणि दोन्ही एकत्र जोडून ती नियमानें चालली होती. जी मुलगी मठ्ठ ठरली होती, तिच्या विचारांत एकही पायरी गळलेली नव्हती. गळलें होतें तें एवढेंच कीं, या शब्दाचें त्या ठिकाणीं काय काम आहे, हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. तीन महिने मी तिला जें शिकवीत होतों, तें तिला येतच होतें.

तेव्हांपासून माझें असें मत झालें आहे कीं, या वयाच्या मुलांच्या बाबतींत इंग्रजी आणि गणित हे दोन निराळे विषय धरून चालूं नये. त्यांची गांठ एकमेकांत पडलेली असते, आणि ओढाताण केल्यानें ती अधिकच आवळते. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचीच ही अडचण आहे असेंही नाहीं. मराठी शाळांतून पूर्वीं इंग्रजी पांचवीपासून सुरू होई, तें २००० सालापासून पहिलीपासूनच सुरू झालें. म्हणजे अंक आणि परकी अक्षरें यांची ओळख मुलाला एकदमच होऊं लागली.

आपलीं संख्यानामेंच घ्या. ‘बावन्न’ म्हणतांना आपण अगोदर दोन बोलतों, मग पन्नास. लिहितांना अगोदर पांच मांडतों, मग दोन. इंग्रजी ‘फिफ्टी-टू’ बोलावें तसें लिहावें. (जर्मन लोकही आपल्याप्रमाणेंच दोन अगोदर बोलतात, तेव्हां यांत आपल्या भाषेला कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.) आमची मुलगी ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहीत असे. तिला शब्दांत ‘तीस’ ऐकूं येई, आणि नऊ कोठें तरी असतात हें ठाऊक होतें. एकोणतीस म्हणजे एक उणा तीस, हें समजावून दिलें तेव्हां ती फार खूष झाली आणि हाच नियम पुढें चालवीत गेली. एकोणचाळीस, एकोणपन्नास करीत एकोणऐंशीपर्यंत गाडी सुरळीत चालली, आणि मग नव्व्याऐंशी व नव्व्याण्णव यांनीं तिला दगा दिला. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचनाची पद्धत आली, तेव्हां केवढा गदारोळ झाला तें आपणांस स्मरत असेल. त्या वेळीं गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या या बाईंना मुलें कोठें अडखळतात हें चांगलें ठाऊक होतें. मला स्वतःला ‘त्रेसष्ट’ आणि ‘अठ्ठ्याहत्तर’ हे शब्द प्रिय आहेत, ते जाऊं नयेत असेंच मला वाटतें. परंतु अडलेल्या मुलाला पलीकडे नेण्यापुरतें ‘साठ आणि तीन’ म्हटल्यानें भाषा बुडत नाहीं.

पाढ्यांविषयीं दोन शब्द. माझे वडील पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आणि औटकीसुद्धां घडाघडा म्हणत. रुपयाचे सोळा आणे होते तोंवर त्या पाठांतराचा रोज उपयोग होता. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि तो उपयोग संपला. बे ते दहापर्यंतचे पाढे मात्र आजही पाठ हवेतच. फक्त ‘सात चोक’ किती हें सांगणाऱ्या मुलाला सात-सात बियांचे चार ढीग मांडून दाखवितां आले पाहिजेत.

घरच्या शिकवणीची एक मोठी अडचण म्हणजे आपली जुनी रीत. बावन्नांतून सत्तावीस वजा करावयाचे. मी शिकलों तें असें : दोनांतून सात जात नाहींत, म्हणून बारांतून सात, राहिले पांच, हातचा एक खालच्या दोनांत मिळविला, तीन, पांचांतून तीन गेले, दोन. उत्तर पंचवीस. हल्लीं शाळेंत वरच्या पांच दशकांतला एक सुटा करतात आणि उरलेल्या चारांतून दोन वजा करतात. उत्तर एकच. परंतु सकाळीं एक रीत आणि संध्याकाळीं दुसरी, अशा कात्रींत मूल सांपडलें म्हणजे तें वरचा आंकडाही कमी करतें आणि खालचाही वाढवितें, आणि उत्तर येतें पंधरा. ‘इतकी सोपी वजाबाकी येत नाहीं?’ असें आपण म्हणतों, पण त्या पंधरांत आपलेही दहा असतात. मीं माझी रीत सोडली. खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहांच्या जुड्या बांधून ठेवल्या, आणि काड्या कमी पडल्या कीं मुलांनीं आपल्या हातानें एक जुडी सोडावी, असा परिपाठ घातला. जुडी सोडण्यांत मुलांना भारी आनंद वाटतो.

इंग्रजी वाचनाचेंही असेंच आहे. आमच्या पिढीनें तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हातांत धरून व्याकरणाच्या दारानें इंग्रजींत प्रवेश केला. परंतु तेव्हां आम्हांला मराठी चांगलें वाचतां येत होतें. सहा वर्षांच्या मुलाला तें दार फार उंच पडतें. आपल्या ‘क’चें नांवही क आणि उच्चारही क. इंग्रजींत तसें नाहीं. ‘सी, ए, टी’ हीं तीन नांवें कितीही वेगानें म्हटलीं तरी त्यांतून ‘कॅट’ निघत नाहीं, आणि ‘डब्ल्यू’ या लांबलचक नांवांत त्या अक्षराचा स्वतःचा उच्चार कोठेंच नाहीं. म्हणून मी हल्लीं अक्षरांचीं नांवें मागाहून आणि उच्चार अगोदर शिकवितों. ज्या मुलाला देवनागरी वाचतां येतें, त्याला हें फार लौकर साधतें, कारण अक्षर म्हणजे आवाज ही कल्पना त्याच्यापाशीं तयार असते. मात्र तें मूल प्रत्येक अक्षराच्या पोटीं एक ‘अ’ लपवून ठेवतें, तो काढण्यास थोडे दिवस लागतात.

शिकवणी लावावी कीं नाहीं, असें आपण मला विचाराल, तर अगोदर घरच्या घरीं पांच मिनिटें खर्च करा असें मी सांगेन. ‘असर’च्या पाहणींत मुलाची इयत्ता पाहून प्रश्न देत नाहींत. वाचनांत अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा लहानसा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, अशा चार पायऱ्या असतात. गणितांत एक ते नऊ हे अंक, मग दोन आंकडी संख्या, मग हातच्याची वजाबाकी आणि शेवटीं तीन आंकडी संख्येला एका अंकानें भागणें. मूल कोणत्या पायरीवर उभें आहे हें पाहावें, आणि तेथूनच त्याचा हात धरावा. उत्तर चुकलें तर खोडरबराकडे धांवण्यापूर्वीं ‘तुला असें कां वाटलें?’ एवढें विचारावें आणि मग आपण गप्प बसावें. हें गप्प बसणें मला सर्वांत जड गेलें. पालकांना भरलेली वही हवी असते, आणि शिकविणाऱ्यालाही ती दाखविण्याचा मोह होतो. मग उत्तर आपण सांगतों, मूल लिहितें, आणि सर्वजण समाधानानें जेवावयास जातात.

त्या मुलीपुरतें सांगावयाचें तर आम्ही एक निराळी वही केली. तींत ‘लेफ्ट’, ‘मोअर’, ‘इच’, ‘डिफरन्स’, ‘ऑल्टुगेदर’ असे शब्द लिहिले, आणि प्रत्येकापुढें तिनें स्वतः रचलेलें एक गणित, अगोदर मराठींत आणि मग इंग्रजींत. आईच्या डब्यांतल्या पोळ्या, जिन्याच्या पायऱ्या, माझ्या गोळ्यांचें पाकीट, सर्वांचीं गणितें झालीं. वार्षिक परीक्षेंत ती पहिली वगैरे आली नाहीं. पास झाली, आणि शाब्दिक उदाहरणांपैकीं निम्म्यांहून अधिक बरोबर आलीं. नव्व्याऐंशी लिहितांना ती अजून एकदां माझ्या तोंडाकडे पाहते.

चवथी सुरू झाल्यावर तिच्या डायरींत पुन्हां एक शेरा आला. आई तो घेऊन आली, पण या वेळीं डायरी माझ्या हातांत न देतां दारापाशीं बसली आणि म्हणाली, "काका, वाचून दाखवूं नका. मलाच शिकवा." मीं मुलीकडे पाहिलें. तिनें पाटी ओढली, पहिलें अक्षर काढलें आणि आईला बजावलें, "नांव नाहीं सांगायचं. आवाज सांगायचा."