खिशातील कचेरी आणि आपली अमानत

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)





आता हे शब्द स्मरणिकेत छापले जात आहेत. म्हणून जे संमेलनास येऊ शकले नाहीत, त्या वाचकांनाही मी समोर बसलेले समजूनच बोलतो.

आपल्या लहानपणी सरकारी काम म्हटले की डोळ्यांपुढे काय येई? लाल कापडात बांधलेले दप्तर, जाड रजिस्टर, लोखंडी कपाट आणि त्या कपाटाची किल्ली. माहिती कपाटात असे आणि किल्ली जबाबदार माणसाच्या कमरेला असे. आज ते कपाट माणसाबरोबर दारोदार हिंडू लागले आहे. आशाताई गरोदर बाईची नोंद मोबाईलवर करते. अंगणवाडी सेविका बालकाचे वजन त्यातच भरते. पोस्टमन हातातील यंत्रावर अंगठा घेऊन म्हातारीला तिचे पैसे घरी देतो. मतदारयादीचे काम करणारा शिक्षकही आता मोबाईल घेऊनच घरोघर जातो. २०२७ ची जनगणनाही मोबाईलवर माहिती भरून करण्याचे केंद्र सरकारने ठरविले आहे. कचेरी खिशात आली. लोकांचे हेलपाटे वाचले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु किल्लीचे काय झाले, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

लोकसेवेच्या अशा फिरत्या कामाला दोन गोष्टी लागतात. एक, काम अडू नये. दुसरी, माहिती भलतीकडे जाऊ नये.

पहिली गोष्ट आपल्या दोन जिल्ह्यांना महापुराने शिकविली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अनेक भागांत वीज गेली, मोबाईल बंद पडले, आणि नेमकी गरज होती तेव्हाच हातातले यंत्र मुके झाले. जुलै २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आंबेघर व मिरगाव येथे दरडी कोसळल्या. त्या डोंगराळ भागात एरव्हीसुद्धा फोनला रेंज मिळविण्यासाठी उंचवटा शोधावा लागतो. म्हणजे जे साधन केवळ चांगल्या दिवशी चालते, त्यावर लोकसेवेचा सारा भार टाकता येत नाही.

यावर उपाय आपल्या एस. टी. च्या वाहकाने दाखविला आहे. त्याच्या हाती तिकिटाचे यंत्र आले. पण यंत्र बिघडले की त्याने जुनी तिकिटांची पेटी काढल्याचे आपण पाहिले आहे. गाडी थांबली नाही. प्रत्येक फिरत्या कामाला अशी एक पेटी हवी. रेंज नसताना भरलेली नोंद यंत्रातच सुरक्षित राहावी आणि रेंज मिळताच पुढे जावी. बॅटरी भरण्याचे जादा साधन जवळ असावे. आणि पावसाळ्यापूर्वी गावातील गरोदर बाया, अंथरुणास खिळलेले वृद्ध व दूरध्वनी क्रमांक यांची एक कागदी यादी करून ती कुलपात ठेवावी.

सारा दोष सेवकावर टाकणेही न्यायाचे नाही. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी मिळालेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोन वरचेवर बंद पडतात, त्यांत जागा पुरत नाही आणि माहिती इंग्रजीत भरावी लागते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. बोथट विळा हाती देऊन कापणीचा जाब विचारावा, तशातला हा प्रकार होता. भरवशाचे साधन आणि आपली भाषा पुरविणे हे काम सोपविणाऱ्याचे कर्तव्य आहे.

आता दुसरी गोष्ट. येथे मला माझीच चूक सांगावयाची आहे. एका वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना मी मुलींची नावे, आधार क्रमांक आणि बँक खाती यांची यादी केली व पालकांनी तपासून पाहावी म्हणून ती वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. माझा हेतू चांगला होता. पुढे काही दिवसांनी एक आई शाळेत आली. शिष्यवृत्तीचे नाव सांगून तिला कोणी फोन केला होता व मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला होता. तिने तो दिला नाही, हे सुदैव. पण तिने मला विचारले, "सर, माझ्या मुलीचं नाव आणि खातं त्या माणसाला कसं ठाऊक?" तो फोन माझ्याच यादीवरून आला, असे सिद्ध करता येणार नाही. पण नाही आला, असे छातीवर हात ठेवून मला म्हणता येईना. त्या रात्री मला झोप लागली नाही.

वाचकहो, आपल्याकडे यासाठी फार जुना शब्द आहे. तो म्हणजे अमानत. मक्केतील जे लोक प्रेषितांना (स.) विरोध करीत, त्यांच्याही ठेवी त्यांच्यापाशी असत. ६२२ साली हिजरतीच्या वेळी जीवावर बेतले असतानाही, ज्याची ठेव त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अलींना (र.) मागे ठेवले. मुलीचा आधार क्रमांक, बाईचे आजारपण, घरातील माणसांची संख्या, या आजच्या ठेवी होत. आपण त्यांचे मालक नाही, राखणदार आहोत.

कायदाही हेच सांगतो. १९४८ च्या जनगणना कायद्याने घरोघर मिळालेली माहिती गुप्त ठरविली आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. परंतु कायदा दिल्लीत होतो आणि अमानत मोहल्ल्यात सांभाळावी लागते.

म्हणून साधे नियम पाळू या. कामाच्या फोनला कुलूप असावे व तो घरी मुलांना खेळावयास देऊ नये. आधारकार्डाची छायाचित्रे फोनमध्ये साठवू नयेत. यादी व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. गरज नसलेली माहिती विचारूच नये. फोन हरवला तर त्याच दिवशी वरिष्ठांस कळवावे. आणि वरिष्ठांनी आधी माहिती वाचवावी, रागवावयाचे ते मागाहून. घरच्यांनीही ओळखपत्र पाहावे, माहिती कशासाठी हवी ते विचारावे, आणि ओटीपी मागणाऱ्या अनोळखी माणसाला तो कधीही देऊ नये.

आपल्या मोहल्ल्यात दार वाजले की पडद्याआडून उत्तर देताना बाया कचरतात. त्याला आपण अडाणीपणा म्हणतो. पुष्कळदा ती भीती असते, आणि ती भीती कधी कधी खरी ठरते. एकदा घरची गोष्ट चव्हाट्यावर आली, तर पुढच्या वेळी दार उघडत नाही. मग बाळाची लस राहते आणि त्याचे मोल ते बाळ देते.

आपल्या संस्थेत शिकणाऱ्या मुलींतूनच उद्या परिचारिका, तलाठी, शिक्षिका होतील. त्यांना यंत्र चालविणे कोणीही शिकवील. अमानत सांभाळणे मात्र आपण शिकविले पाहिजे. त्यासाठी वर्षातून एक तास राखून ठेवावा, अशी विश्वस्त मंडळींस माझी नम्र विनंती आहे. तो पहिला तास मी घेईन, आणि माझ्या त्या यादीपासूनच सुरुवात करीन.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.