बॅकअप आहे, पण रिस्टोअर करून पाहिलाय का?



डेटाबेस डेव्हलपर आणि ॲडमिन यांच्या लातूरच्या या परिषदेचा स्वागताध्यक्ष म्हणून पतसंस्था चालवणारा माणूस का निवडला, ते संयोजकच जाणोत. डेटाबेस पाच मिनिटे अडला तरी काउंटरवर रांग लागते आणि बोलणी मी खातो, एवढीच माझी पात्रता.

आपल्याकडे शिकायच्या सोयी कमी नाहीत. नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ चे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे. कॉडसाहेबांनी १९७० साली मांडलेले रिलेशनल मॉडेल पोरांना तोंडपाठ असते. पण नोकरीला लागले की समोर येतो आपला मराठवाडी डेटा. सभासदांची यादी उघडा, अर्धे गाव १ जूनला जन्मलेले! शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने टाकलेली ती तारीख. नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणजे माणूस एकच, असा नियम लिहिणारा पोरगा इथे दोन चुलतभावांची खाती एक करून मोकळा होईल.

दुसरे मराठी नावांचे. एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये रकाना एनव्हारचार ठेवला, पण इन्सर्ट करताना अवतरणचिन्हाआधीचा एन राहून गेला, की ‘केशव’च्या जागी चार प्रश्नचिन्हे बसतात. हा नुसता पडद्यावरचा फाँटचा घोळ नव्हे, साठवलीच जातात प्रश्नचिन्हे. मग केशवला फोन करून नाव विचारा.

आणि बॅकअप. लातूर पॅटर्नमध्ये गुपित काही नाही: पेपर सोडवा, तपासा, चुका काढा, पुन्हा सोडवा. बारावीच्या लेकरांकडून एवढा सराव करून घेणारे आपण, डेटाबेस ॲडमिनकडून रिस्टोअर एकदाही करून घेत नाही. रात्री जॉब चालतो, सकाळी हिरवी खूण दिसते, सगळे निर्धास्त. गिटलॅबसारख्या मोठ्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका इंजिनिअरने भलत्याच सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी उडवली, सुमारे ३०० जीबीची. बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ वर, बॅकअप काढणारा पीजी-डंप मात्र ९.२ चा, जॉब फसत होता आणि फसल्याचे मेल कोणापर्यंत पोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेला स्नॅपशॉट होता, म्हणून निभावले. मधला डेटा गेला तो गेलाच. कंपनीने मात्र हे सगळे जाहीरपणे लिहून काढले, याचे मला कौतुक वाटते. आपल्याकडे ‘सर्व्हर डाऊन आहे’ असा कागद काचेवर चिकटवतात.

म्हणून उद्या सकाळी व्याख्यान ठेवलेले नाही. लॅबमध्ये प्रत्येकाला रात्रीचा पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरचे लॉग मिळतील. ११ वाजून ४२ मिनिटांनी कोणीतरी ‘व्हेअर’ न लिहिता डिलीट चालवले आहे, असे धरायचे आणि ११:४१ चा डेटा परत उभा करायचा, घड्याळ लावून. सर्टिफिकेटे भिंतीवर लावलेल्या ज्येष्ठांनीही बसावे, ही खास विनंती.

एक मागणे आहे. १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपण पाहिला, तरी बॅकअपची हार्डडिस्क सर्व्हरच्याच खोलीतल्या कपाटात असते. लातूरच्या संस्थांची प्रत नांदेडला आणि नांदेडची लातूरला, एन्क्रिप्ट करून, असा करार या दोन दिवसांत जमवा. विभागीय आयुक्तालय लातूरला की नांदेडला, यावर मग खुशाल भांडू.

राहण्या-जेवण्यात काही कमी पडले तर थेट मला सांगा. लॅब ९ वाजता उघडेल. चहा बाहेरच प्या, कीबोर्ड कॉलेजचे आहेत.